हात सोडला की जोर सोडणारा पतंग

बेळगावात वाऱ्याला तोटा नाही. आषाढात येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहिलं की टोपी हातात धरावी लागते. जानेवारीत पतंग महोत्सव भरला की आभाळ रंगीत होतं. त्यामुळे काइटबोर्डिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर बोर्डावर उभं राहून पाण्यावरून धावायचा खेळ, शिकायचं डोक्यात आलं की इथला माणूस पहिली चूक ठरलेली करतो: इथला वारा धरून काइट निवडतो. आणि तो काइट उडणार असतो गोव्याच्या किनाऱ्यावर, जिथला वारा जातीनंच वेगळा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून हे शिकायला उतरणाऱ्यांसाठी, आम्ही ज्या क्रमानं या खरेदीतून गेलो तो क्रम इथे मांडतो आहोत.

आधी वाऱ्याचा हिशेब. काइटवर येणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. वारा १२ नॉटवरून १८ झाला तर वेग दीडपट होतो, पण ओढ सव्वादोनपट होते. १० चा २० झाला तर चौपट. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडथळा नसतो, म्हणून तो १४ म्हणाला की १२ ते १६ मध्ये राहतो. आपल्याकडचा वारा डोंगर, झाडं, घरं, उसाचे फड यांच्यावरून तुटत तुटत येतो. दहा मिनिटं मंद, मग अचानक एक झोत, मग पुन्हा काही नाही. दहा मीटर उंचीच्या झाडामागे सत्तर ते शंभर मीटरपर्यंत हवा घुसळलेली असते. त्या घुसळीत मोठा काइट चढवणं म्हणजे बैल सोडून गाडी उतारावर लावणं. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीमुळे इथली हवा सात टक्क्यांच्या आसपास विरळ असते आणि तेवढा जोर कमी मिळतो, हे खरं. पण झोताच्या चौपटीपुढे त्या सात टक्क्यांचं काय घेऊन बसायचं?

म्हणून बेळगावात फक्त ट्रेनर. मोठा, हवा भरायचा काइट इथे जमिनीवर उडवायचा नाही. हा नियम आम्ही एकदाही मोडत नाही.

ट्रेनर म्हणजे दोन-तीन चौरस मीटरचा, हवा न भरायचा कापडी काइट. पुढच्या कडेला तोंडं असतात, वारा आत शिरला की तो गादीसारखा फुगतो. वजन साठ किलोच्या आत असेल तर २ चौरस मीटर, त्यावर असेल तर ३. चारच्या पुढचा घ्यायचा नाही. दुकानदार ‘पुढे बोर्डावरही चालेल’ म्हणून मोठा गळ्यात मारतात, तो बोर्डावर चालत नाही आणि जमिनीवर माणसाला फरफटतो. दोन दोऱ्यांपेक्षा तीन दोऱ्यांचा थोडा महाग पडतो, पण तोच घ्यावा. तिसरी दोरी मनगटाच्या पट्ट्याला असते. बार, म्हणजे दोऱ्या बांधलेला हातातला दांडा, सोडला की काइट त्या एका दोरीवर लटकतो आणि कापड गळून खाली येतं. दोन दोऱ्यांवाल्याला मनगटाचे पट्टे असतात, घाबरलेल्या माणसाला ते पटकन काढायला सुचत नाहीत.

जागा कोणती? भाताची कापणी झालेली सपाट शेतं सगळ्यात बरी, मालकाला विचारून. ज्वारीचं रान टाळावं, कारण धसकटं. काइट जमिनीवर आपटला आणि कोणी ओढत नेला की एका धसकटात दोन वीत फाटतो. काइट ज्या दिशेला ओढणार त्या बाजूला शंभर मीटर मोकळं हवं. पंपसेटच्या तारा आधी शोधायच्या, मग वारा. ओली दोरी तारेला लागली तर काय होईल ते सांगायला नको. सांबरा विमानतळाच्या बाजूला जायचं नाही, आणि लष्कराची मैदानं कितीही मोकळी दिसली तरी परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी पूर्वेला ढग काळा-निळा चढायला लागला की गुंडाळायचं. वळिवाच्या आधी येणारा वारा काही सेकंदांत शांततेतून वादळात जातो, आणि पहिला थेंब पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

हिडकलच्या जलाशयाबद्दल बरेच जण विचारतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला मोठी मोकळी जमीन दिसते आणि मोह होतो. आमचं उत्तर नाही असंच. पाण्याखाली खुंट आणि मासेमारीची जाळी, वारा डोंगरांमधून वळून येणारा, आणि अडकलात तर आणायला जाणारी बोट नाही. शिकणाऱ्यासाठी ती जागा नव्हे.

ट्रेनरवर काय करायचं? वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं आणि समोरचं आभाळ घड्याळ समजायचं. डोक्यावर बारा, डावीकडे जमिनीलगत नऊ, उजवीकडे तीन. काइट अकरावर धरून ठेवायचा, मग एकवर. मग आडवा आठ काढायचा. मग एका हातानं. मग काइटकडे न बघता, कारण पाण्यात बघायला बोर्ड असतो. सहा-आठ संध्याकाळी यात गेल्या की गोव्यातल्या शिकवणीचे पैसे वाचतात. तिथला पहिला दीड-दोन तास ट्रेनरवरच जातो.

बांधावर माणसं जमतातच. ‘एवढ्या पतंगानं माणूस उडून जातंय की हो!’ हे प्रत्येक वेळी ऐकावं लागतं. ट्रेनरनं कोणी उडत नाही, पण दोऱ्या कापतात. ताणलेल्या दोरीभोवती बोट गुंडाळलं तर काचेच्या मांज्यानं होणार नाही एवढी इजा होते. पोरांना दोऱ्यांपासून लांब ठेवणं हे उडवणाऱ्याचंच काम.

ट्रेनरची एक मर्यादा आहे आणि ती मोठा काइट निवडताना कामाला येते. संक्रांतीचा पतंग उडवलेल्याच्या हाताला सवय असते ती खेच आणि ढील यांची. जोर वाढला की ढील, पडायला लागला की खेच. मोठ्या काइटला सोडायला जादा दोरी नसते, चारी दोऱ्या ठरलेल्या लांबीच्या, बहुधा २० ते २४ मीटर. तिथे ढील देते ती बारची सरक. बार अंगाकडे ओढला की मागच्या दोऱ्या आखडतात, काइट वाऱ्याला जास्त पोट दाखवतो आणि जोर वाढतो. बार पुढे सोडला की काइट वाऱ्यात सपाट होतो आणि जोर जातो. नवशिका घाबरला की नेमका बार घट्ट धरून छातीशी ओढतो, म्हणजे ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो. ट्रेनरच्या बारला ही सरक नसते, म्हणून ट्रेनर हे शिकवत नाही. पहिल्या मोठ्या काइटकडून मागायची पहिली गोष्ट हीच: हात सोडला की त्यानं जोर सोडला पाहिजे, आणि अर्धवट नव्हे, जवळजवळ पूर्ण.

इथे काइटची जात येते. हवा भरायच्या काइटचं मूळ पेटंट फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंचं, १९८४ चं. त्यानंतरची पुष्कळ वर्षं जे काइट चालले ते सी आकाराचे: समोरून पाहिलं की इंग्रजी सी आडवा टाकल्यासारखा, बाजू उभ्या. हे सोडले तरी थोडाच जोर सोडतात. २००५ च्या आसपास बो जातीचे काइट बाजारात आले, सपाट, मागची कड आत वळलेली, पुढच्या काठाला कण्णी बांधलेली. कण्णी म्हणजे आपल्या पतंगाची तीच कण्णी, फक्त पुढच्या काठाला चार-सहा ठिकाणी पकडलेली. कण्णीमुळे काइट वाऱ्यात सपाट व्हायला मोकळा झाला आणि बार सोडला की ओढ जवळजवळ संपू लागली. आजचे डेल्टा आणि हायब्रिड त्याच घरातले. पहिला काइट बो, डेल्टा किंवा ‘फ्रीराइड’ नावानं विकला जाणारा हायब्रिड घ्यावा. ‘फ्रीस्टाइल’, ‘वेकस्टाइल’ लिहिलं असेल तर तो सी कडे झुकलेला असतो, तो तिसरा-चौथा काइट. लांब, अरुंद, उंच उडीसाठी केलेले ‘बिग एअर’वालेही नकोत. ते खिडकीच्या, म्हणजे काइट उडू शकतो त्या आभाळाच्या तुकड्याच्या, कडेला भराभर सरकतात आणि नवशिक्याच्या डोक्यावर येऊन कोसळतात.

दुसरी मागणी: पाण्यात पडला की सहज उठला पाहिजे. शिकताना तासात दहा वेळा काइट पाण्यात जातो. डेल्टाची टोकं मागे झुकलेली असतात, त्यामुळे एका बाजूची मागची दोरी ओढून धरली की तो कुशीवर वळतो, पाण्यावरून कडेकडेनं सरकतो आणि खिडकीच्या कडेला जाऊन स्वतःच उठतो. जुन्या सी काइटला उठवताना पोहत पुढे जाऊन दोऱ्या सैल कराव्या लागत. लाटेत हे करून बघितलेला माणूस पुन्हा सी चं नाव काढत नाही. हवा भरलेल्या आडव्या काठ्या, म्हणजे स्ट्रट, तीन असाव्यात. पाच असलेला जोरदार वाऱ्यात स्थिर राहतो, पण जड, आणि गोव्याच्या हलक्या वाऱ्यात पाण्यातून उठायला आळशी.

आणि गोव्याचा वारा हलकाच असतो. मोरजी, आश्वे, मांद्रे हा पट्टा पश्चिमेला तोंड करून. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे झुळूक असते, ती नवशिक्याला आत ओढून नेणारी, म्हणून तेव्हा पाण्यात जायचंच नाही. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून वारा किनाऱ्याला तिरका लागतो आणि तीन ते पाचच्या दरम्यान भरात येतो. तिरका वारा हवा तसाच: पडलात तर किनाऱ्याकडेच ढकलतो. जानेवारी ते एप्रिल हा धरण्यासारखा काळ, आणि १२ ते १६ नॉट हा धरण्यासारखा आकडा. सकाळी बेळगाव सोडून जांबोटी, चोर्ला घाट, डिचोली, म्हापसा असं गेलं तरी वाऱ्याच्या आधी पोचता येतं. पाण्यावर पांढऱ्या टोप्या तुरळक दिसायला लागल्या की १२ झाले समजायचं. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरट्यांभोवती कुंपण केलेलं असतं, त्याच्या आसपास काइट मांडायचा नाही.

मापाचा हिशेब सोपा आहे. वजन किलोत, गुणिले २.३, भागिले वारा नॉटमध्ये. येतो तो आकडा चौरस मीटर. १४ नॉट धरले तर ५५ किलोच्या माणसाला ९, ७० किलोला साडेअकरा म्हणजे बाजारात मिळणारा १२, आणि ८५ किलोला १४. हाच ७० किलोचा माणूस रामेश्वरमला २० नॉटमध्ये उतरला तर आकडा ८ येतो. म्हणूनच ‘पहिला काइट किती मीटरचा’ या प्रश्नाला माणसामाणसाकडून वेगळं उत्तर मिळतं आणि प्रत्येक जण खरंच बोलत असतो. आपण कुठे उडवणार हे आधी सांगितल्याशिवाय विचारूच नये. बेळगावकरांना जवळचं पाणी गोव्याचं, तेव्हा माप गोव्याचं.

लहान काइट सुरक्षित, हा समज आमच्याकडे फार घट्ट आहे. ७० किलोचा माणूस ‘शिकतोय अजून’ म्हणून ९ घेतो. १३ नॉटमध्ये तो ९ त्याला बोर्डावर उभं करू शकत नाही. मग जोर मिळवायला काइट पुन्हा पुन्हा गोता घालून खाली आणावा लागतो. प्रत्येक गोत्यात एक झटका, एक पडणं, आणि वीस मीटर वाऱ्याच्या दिशेनं वाहून जाणं. तासाभरात माणूस मांद्र्याला उतरलेला मोरजीच्या वाटेला लागलेला असतो आणि काइट काखेत घेऊन वाळूतून परत चालत येतो. पुरेशा मापाचा काइट एका जागी धरला तरी ओढतो, आणि शिकणाऱ्याला स्थिर ओढच हवी असते. उलट बाजूची हद्दही सांगायला हवी: वारा १९-२० नॉटच्या वर गेला की ७० किलोच्या माणसाचा १२ चा काइट किनाऱ्यावरच राहिला पाहिजे. एका काइटमध्ये सगळा वारा बसत नाही. एकदा चालू लागलं की दुसरा ९ घेता येतो.

खरेदी शिकवणीच्या आधी की नंतर? नंतर. यावर आमच्यात दोन मतं नाहीत. आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेच्या पद्धतीनं शिकवणाऱ्या शाळेत स्वतःच्या पायांवर पहिली सरळ धाव निघेपर्यंत साधारण आठ ते बारा तास जातात, तीन-चार दिवसांत वाटून. त्या तासांत शाळेचे वेगवेगळ्या मापांचे काइट हाताखालून जातात. कुठल्या मापानं आपल्याला उचललं, कुठला बार हातात बसला, हे तिथे कळतं. शाळेत रोजच्या वाऱ्याबरोबर माप लिहून ठेवावं, ‘१३ नॉट, १२ मीटर, उभा राहिलो, ११ नॉट, १२ मीटर, नाही’ असं. चार दिवसांची ही टिपणं कुठल्याही तक्त्यापेक्षा खरी. आधी घेऊन गेलेला काइट बहुतेक वेळा शाळा पाण्यात उतरवू देत नाही, आणि बरोबरच करते.

नवा की जुना? नवा परवडला तर प्रश्न नाही, परदेशातून मागवला तर कस्टम ड्यूटी धरूनच हिशेब करावा. बहुतेकांचा पहिला काइट जुना असतो आणि तसाच असावा, कारण शिकणारा त्याला वाळूत, पाण्यात, कधी माडाच्या बुंध्यात आपटणारच. पण जुना म्हणजे किती? सहा-सात वर्षांच्या आतला. पंधरा वर्षांपूर्वीचा ‘जवळजवळ न वापरलेला’ फुकट मिळाला तरी नको. कापड ठीक असलं तरी ब्लॅडरचा (आतल्या हवेच्या पिशवीचा) डिंक, कण्णीच्या कप्प्या आणि संकटात काइट सोडवणारी सुटीची कळ तेवढी वर्षं टिकत नाहीत.

जुना काइट तपासायला वारा नसलेली जागा लागते. १२ चौरस मीटरचा काइट हवा भरल्यावर पुढच्या काठानं आठ-नऊ मीटर लांब होतो, घरच्या हॉलमध्ये मावत नाही. मंगल कार्यालयाचा हॉल दिवसभरासाठी मोकळा असेल तर उत्तम, नाहीतर पहाटेची गच्ची. हॉलचा आणखी एक फायदा: तापमान सारखं राहतं. गच्चीवर संध्याकाळी हवा भरून सकाळी बघितलं तर जानेवारीतल्या थंडीनंच दाब उतरलेला दिसतो आणि चांगल्या ब्लॅडरवर संशय येतो.

हवा ६ ते ८ पीएसआय भरायची. माप पुढच्या काठावर छापलेलं असतं. मोठ्या काइटला थोडी कमी, लहानाला थोडी जास्त. पंपाच्या काट्यावर फार भरवसा नको. बोटाच्या गाठीनं पुढच्या काठावर टिचकी मारली की भरलेल्या फुटबॉलसारखा टणटणीत आवाज यायला हवा. मग काठाकडून स्ट्रटकडे जाणाऱ्या नळ्यांच्या क्लिपा बंद करायच्या, म्हणजे प्रत्येक ब्लॅडर वेगळा होतो. चार तास ठेवायचं. एकच स्ट्रट मऊ पडला तर तिथलाच ब्लॅडर किंवा नळी गळते, किरकोळ काम. सगळा पुढचा काठ मऊ पडला तर झडपेपाशी साबणाचं पाणी लावून बघायचं. बुडबुडे झडपेच्या मुळाशी आले तर झडप ब्लॅडरपासून सुटते आहे. आपल्याकडे याचं कारण बहुधा एकच: मे महिन्यात काइट बंद गाडीच्या डिकीत राहिलेला.

ब्लॅडरचं भोक शोधायची रीत सायकलच्या ट्यूबचीच. बाहेर काढायचा, हवा भरायची, पाण्याच्या टबात बुडवायचा. पण ट्यूबचं सोल्युशन आणि रबरी ठिगळ इथे चालत नाही. ब्लॅडर रबराचा नसतो, पॉलियुरेथेनचा असतो, त्याला त्याचाच पॅच लागतो. परत घालताना टाल्कम पावडर लावली तर तो पीळ न पडता आत सरकतो. पिळात हवा भरली की पुढच्या वेळी तिथेच फुटतो.

कापडाची परीक्षा हातानं आणि कानानं. रिपस्टॉप, म्हणजे काइटचं कापड, नवं असताना कडकडीत असतं, मुठीत चुरगाळलं की कागदासारखं वाजतं. उन्हानं थकलेलं कापड धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यासारखं लागतं आणि वाजत नाही. असं कापड दिसायला धड असतं आणि पहिल्या जोराच्या आपटीत आडवं फाटतं. उजेडासमोर धरून बारीक भोकं बघावीत. कापडाच्या मधल्या भागात नीट शिवलेलं, दोन्ही बाजूंनी चिकटवलेलं ठिगळ असेल तर घाबरायचं कारण नाही, भाव मात्र करावा. पुढच्या काठाच्या शिवणीवर पुन्हा शिवण मारलेली दिसली तर सोडून द्यावा. सगळा दाब त्या शिवणीवर असतो. ती कोणाही शिंप्याकडून साध्या दोऱ्यानं शिवून घेतलेली असेल तर पंप मारतानाच उसवते. कण्णीत कप्प्या असतील तर त्या बोटानं फिरवून बघाव्यात, मिठानं अडकलेली कप्पी दोरी कातरते. कप्पीतून जाणारी दोरी केसाळ झाली असेल तर बदलावी, ती स्वस्त असते.

आता बार. काइट ज्या कंपनीचा, बार त्याच कंपनीचा आणि शक्यतो त्याच काळातला. मधल्या, म्हणजे काइटच्या पुढच्या काठाला जाणाऱ्या, दोन दोऱ्या बारजवळच एकत्र येतात की बऱ्याच वर, यावर काइटचं वागणं बदलतं. कुठलाही बार कुठल्याही काइटला लावून ‘वळतच नाही’ म्हणून तक्रार करणारे आम्ही पुष्कळ बघितले. १२ मीटरला बार ५० ते ५५ सेंटिमीटरचा हवा.

बारमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुटीची कळ, क्विक रिलीज. हार्नेसच्या, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्याच्या, आकड्यात अडकवलेली बारची लूप ही कळ पुढे ढकलली की उघडते, काइट एकाच मधल्या दोरीवर सरकतो आणि कापड गळून पाण्यात पडतं. या कळीसाठी आयएसओ २१८५३ हा मानक २०२० मध्ये आला. बार त्यानंतरचा आणि त्या मानकाचा असेल तर बरं. जुना असेल तर परीक्षा अशी: लूप झाडाला किंवा लोखंडी खांबाला दोरीनं अडकवायची, बारच्या बाजूनं अंगाचा पूर्ण भार टाकून लोंबायचं, आणि एका हातानं कळ ढकलायची. भार असताना उघडली पाहिजे. हलक्या हातानं टेबलावर उघडते, हे काही प्रमाण नव्हे. मग पुन्हा जोडून, दुसऱ्या हातानं. तीनदा. वाळू आणि मीठ साचलं की ती अडते, गोड्या पाण्यात बुडवून हलवली की सुटते. बुडवूनही अडत असेल तर तो बार घ्यायचा नाही, काइट कितीही आवडला असला तरी.

दोऱ्यांची लांबी तपासायला तोच खांब. लूप आकड्यात, बार पूर्ण आत ओढलेला, मधल्या दोऱ्या आखडायचा ट्रिमचा पट्टा पूर्ण मोकळा. चारी टोकं एकत्र धरून ओढायची. चारी सारखी आली पाहिजेत. वापरानं मधल्या दोऱ्या, ज्यांच्यावर भार असतो, ताणून लांबतात. मग मागच्या तुलनेनं आखूड होतात, आणि काइट हवेत मागे मागे बसतो, पाठीवर झोपल्यासारखा खाली येतो. मालक म्हणतो काइट बिघडला, आणि दोष दोन इंचांचा असतो. काइटच्या टोकाला मागच्या दोरीसाठी दोन-तीन गाठी असतात, बाहेरच्या गाठीला दोरी लावली की मागची बाजू लांबते आणि हिशेब जुळतो. डाव्या-उजव्या दोरीत मात्र फरक नको. सेंटिमीटरभर असला तरी काइट एका अंगाला ओढत राहतो.

बोर्ड आणि हार्नेसवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. हलक्या वाऱ्यासाठी बोर्ड मोठा घ्यावा, ७० किलोला १४० बाय ४२ सेंटिमीटरच्या आसपास. हार्नेस कमरेचा, आणि बरगड्यांवर सरकत असेल तर सुरुवातीला बैठकीचा. हेल्मेट आणि तरंगण्याचं जॅकेट उधार-उसनवार आणायचं नाही, आपल्या मापाचं घ्यायचं.

पहिल्यांदा आपला काइट किनाऱ्यावर मांडताना दोन चुका जवळजवळ सगळे करतात. एक, हवा कमी भरतात. दंड दुखायला लागले की ‘पुरे’ म्हणतात. मग पहिल्या झोतात पुढचा काठ मध्येच गुडघ्यासारखा मोडतो, काइट घडी होऊन पडतो आणि पाण्यातून उठत नाही. दुसरी चूक दोऱ्या जोडताना. बारपासून काइटपर्यंत चालत जाऊन चारी दोऱ्या बोटांमधून वेगळ्या करायच्या: मधल्या, म्हणजे पुढच्या, दोन आत, वळवायच्या, म्हणजे मागच्या, दोन बाहेर. पुष्कळ बारांवर डावी दोरी लाल असते, पण आपल्या बारवर कुठली ते बघून ठेवायचं. पुढची आणि मागची दोरी अदलाबदल झाली तर काइट सोडताक्षणी पूर्ण जोरात गिरकी घेतो. तेव्हा बारशी झुंजायचं नाही, सावरेल म्हणून वाट बघायची नाही, कळ ढकलायची. काइट धरणाऱ्या सोबत्याला अंगठा दाखवायच्या आधी प्रत्येक दोरी एकेकदा ओढून कुठला कोपरा हलतो ते बघितलं की ही वेळ येत नाही. या कामाला पाऊण मिनिट लागतं.

मांडून ठेवलेला काइट पुढचा काठ वाऱ्याकडे करून पालथा ठेवायचा आणि कापडावर ओंजळ-दोन ओंजळ नव्हे, चांगली घमेलंभर वाळू टाकायची. उन्हात फडफडत ठेवायचा नाही. मागची कड फडफडत राहिली तर लवकर झिजते.

घरी आल्यावर बार बादलीत, गोड्या पाण्यात. कापडावरचं मीठ धुऊन सावलीत वाळवायचा. हा भाग बेळगावात एप्रिलपर्यंत सोपा आणि जूननंतर अशक्य. ओला गुंडाळलेला काइट पहिल्या पावसाच्या आठवड्यातच बुरसतो, आणि ते काळे ठिपके पुन्हा जात नाहीत. म्हणून मोसमातला शेवटचा दिवस मेच्या मध्याच्या पुढे न्यायचा नाही. काइट दोन दिवस पंख्याखाली उलगडून ठेवायचा, ब्लॅडरमधली हवा पूर्ण काढायची, झडपा उघड्या ठेवायच्या, सैल गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचा. उंदरांना ब्लॅडर फार आवडतो, तेव्हा माळ्यावर नको.